पाचवे कारण

संगणकाच्या पडद्यावर आकृती रचीत बसलेल्या मनुष्याला जो एक लहानसा अनुभव वारंवार येतो, त्याची गणना तत्त्वचिंतनाच्या विषयांत करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सभेपुढे मांडावयाच्या एखाद्या योजनेची चौकटी आणि बाण असलेली आकृती पॉवरपॉइंटमध्ये किंवा लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये तयार होत असते. कोणत्या खात्याकडून कागद कोणत्या खात्याकडे जातो, कोणाच्या मंजुरीवाचून काय अडते, हे त्या बाणांनी दाखवावयाचे असते. आणि त्यांतील एखादी चौकट किंचित उजवीकडे सरकवावी म्हणून तिच्यावर माउसचे बटण दाबून हात हलवावा, तो ती हवी तेथे न थांबता थोडी अलीकडे किंवा थोडी पलीकडे जाऊन बसते. किंवा मूळ चौकट जागची न हलता तिची दुसरी प्रत निघते आणि तेवढीच सरकते. किंवा चौकट जाते, परंतु तिला जोडलेला वाटणारा बाण जुन्याच ठिकाणी लोंबत राहतो. हाताने योजिले एक आणि पडद्यावर घडले दुसरे. अशा वेळी तोंडून जे उद्गार निघतात त्यांत एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला असतो. "हा माउस माझे ऐकत नाही", "आज याच्या मनात काही निराळेच आहे", "माझे नशीबच असे" या वाक्यांत यंत्राला इच्छा बहाल केलेली असते, त्या इच्छेला वैराचा रंग दिलेला असतो, आणि जे घडले ते अकारण, म्हणजे केवळ लहरीने घडले, असा निवाडा चौकशीपूर्वीच दिलेला असतो.

हा निवाडा बरोबर आहे की चूक, हे ठरविताना आपण नकळत एका फार जुन्या प्रश्नाच्या दाराशी येऊन उभे राहतो. इच्छा माझी होती, हात माझा होता, हालचाल मीच केली. मग फळ भलतेच का आले, आणि जे आले त्याचा कर्ता कोण? नेहमीच्या व्यवहारात कर्म आणि फळ इतके सलग असतात की त्यांच्यामध्ये काही आहे याची जाणीवच आपल्याला होत नाही. ही सलगता तुटते तेव्हाच, आपण ज्याला एकट्याचे कर्तृत्व समजत होतो ते अनेकांच्या सहकार्याने चालले होते, हे उघडकीस येते. बिघाडाचे क्षण कर्माच्या अंतर्रचनेचे दर्शन घडवितात, म्हणून ते मोलाचे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे केवळ त्रास म्हणून पाहणे ही एक प्रकारची हानी आहे.

हे साधन मुळात कसे घडले ते प्रथम पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माउस तयार केला. ती एक लाकडी पेटी होती. तिच्या तळाशी परस्परांशी काटकोन करणारी दोन चाके होती, आणि एक चाक आडवी हालचाल मोजी तर दुसरे उभी. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत एंगलबार्ट यांनी हे साधन जाहीरपणे चालवून दाखविले, आणि 1970 मध्ये त्याचे पेटंट मंजूर झाले. या रचनेतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हाताची अखंड, वळणदार गती येथे आरंभीच दोन संख्यांत विभागली जाते. पडद्यावरील चित्राला हात कधीच स्पर्श करीत नाही. तो जे करतो ते एखाद्या कचेरीत अर्ज गुजरण्यासारखे आहे: अर्ज लिहिणारा एक, तो दप्तरी नोंदविणारा दुसरा, त्यावर शेरा मारणारा तिसरा आणि अखेरचा हुकूम काढणारा चौथा, आणि अर्जदाराच्या मनातील मूळ हेतूचे पुढे काय होईल, हे या सर्वांच्या शिरस्त्यावर अवलंबून. चौकट सरकली म्हणजे माझा हात तिला घेऊन गेला असे मला दिसते. वस्तुतः माझ्या अर्जाची सुनावणी होऊन तो मंजूर झालेला असतो.

मंजुरी देताना दुरुस्ती करण्याचा अधिकारही यंत्राकडे पहिल्यापासून दिलेला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये स्केचपॅड नावाची चित्ररचनेची प्रणाली सिद्ध केली. तिच्यात मनुष्याने प्रकाशलेखणीने ओबडधोबड रेघ काढावी, या दोन रेघा समांतर असाव्यात किंवा या दोन लांबीने समान असाव्यात असा निर्बंध घालावा, आणि यंत्राने त्या रेघा तशा करून द्याव्यात, अशी योजना होती. मनुष्याच्या हातात अचूकता नाही, परंतु त्याच्या हेतूत ती आहे, म्हणून हाताचे न ऐकता हेतूचे ऐकावे, हे त्या योजनेमागचे उदात्त तत्त्व होय. आज चौकट सरकवीत असता ती शेजारच्या चौकटीच्या रेषेत आपोआप येऊन बसते ती याच तत्त्वाच्या वंशपरंपरेतून. परंतु यंत्राने ओळखलेला हेतू आणि आपला प्रत्यक्ष हेतू यांत केसभर अंतर पडले, की तेच साहाय्य आपल्याला हट्ट वाटू लागते.

कर्म कोणाचे, या प्रश्नाला भगवद्गीतेने अठराव्या अध्यायात जे उत्तर दिले आहे, त्याचा विस्तार येथे विलक्षण रीतीने उपयोगी पडतो. शरीराने, वाणीने किंवा मनाने मनुष्य जे काही कर्म आरंभितो, मग ते योग्य असो वा अयोग्य, त्याला पाच कारणे असतात असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा अभिप्राय लगेच पुढे दिला आहे. भाष्यकारांनी ही पदे शरीराला लावून दाखविली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणादी वायूंचे व्यापार. दैव या पदाविषयी मात्र त्यांच्यांत भेद आहे. शंकराचार्यांच्या मते दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता; डोळा कितीही निर्दोष असला तरी सूर्याच्या प्रकाशावाचून तो पाहू शकत नाही, हे त्या अर्थाचे मर्म; आणि शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी मराठी श्रोत्यांपुढे हे पद उलगडले तेही याच दिशेने. रामानुजाचार्य दैव या पदाने अंतर्यामी परमात्मा घेतात, आणि कर्माच्या सिद्धीत त्यालाच प्रधान कारण मानतात. या भेदाकडे आपण पुढे येऊ. तूर्त पाच कारणांची ही यादी आपल्या पडद्यावरील चौकटीला लावून पाहू.

प्रथम करणे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. गीतेने त्यांचे नानात्व मुद्दाम सांगितले आहे, आणि आपण नेमके तेच विसरतो. आपण समजतो की करण एकच, तो माउस. परंतु डावा हात त्याच वेळी कळफलकावर विसावलेला असतो. विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये शिफ्टची कळ दाबलेली असता चौकट केवळ आडवी किंवा केवळ उभीच सरकते. कंट्रोलची कळ दाबलेली असता तीच हालचाल प्रत काढते. आणि आल्टची कळ दाबली असता, एरवी चौकटीला ठरावीक अंतरांवरच बसविणारे ग्रिडचे बंधन तेवढ्यापुरते सैल होते. हे ग्रिड डोळ्यांना दिसत नसले तरी अंमलात असू शकते. त्याचे प्रचलित अंतर इंचाच्या बाराव्या भागाइतके, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर असते. तेव्हा एका मिलिमीटरने चौकट हलवू पाहणाऱ्या मनुष्याला ती जागची हलत नाही किंवा दुप्पट उडी घेते असे दिसते, यात नवल नाही. बाणांची गोष्टही अशीच. दोन चौकटींना जोडणारा बाण हा त्यांच्या कडांवरील नियत बिंदूंना खरोखर जडलेला असेल तरच चौकटीबरोबर चालतो. तो केवळ कडेला टेकवून ठेवलेला असेल तर पाहणाऱ्याला जोडलेला भासतो इतकेच. जवळीक आणि संबंध या दोन भिन्न वस्तू आहेत. आणि स्मार्टआर्टसारख्या रचनेत एक चौकट वाढविली असता इतर आक्रसतात, कारण तेथे प्रत्येक चौकट स्वतंत्र नसून सर्वांवर एका मांडणीची हुकूमत असते.

येथे नैयायिकांच्या एका सूक्ष्म विचाराची आठवण होते. धूर असेल तेथे अग्नी असतो, हे विधान निर्दोष आहे. परंतु उलट, अग्नी असेल तेथे धूर असतो, हे मात्र टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यास ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात, आणि ज्या व्याप्तीत, म्हणजे नियत साहचर्यात, उपाधी शिरलेली असते ती व्याप्ती सोपाधिक, म्हणून अनुमानास अयोग्य ठरते. "मी माउस हलविला की चौकट सरकते" ही आपली नित्याची व्याप्ती अशीच सोपाधिक आहे. कोणतीही कळ दाबलेली नसावी, चौकट एखाद्या समूहात बांधलेली नसावी, मागील चित्राऐवजी तीच निवडलेली असावी, अशा अनेक अटी तिच्या पोटात निमूटपणे वावरत असतात. रोज त्या पुऱ्या होतात म्हणून दिसत नाहीत. एके दिवशी त्यांतील एक पुरी होत नाही, आणि आपण म्हणतो की नियम मोडला. नियम मोडलेला नसतो. आपण जो नियम समजत होतो तो अपुरा होता, एवढेच त्या दिवशी सिद्ध झालेले असते.

अधिष्ठान आणि चेष्टा यांच्याकडे पाहिले तर हेच पुन्हा प्रत्ययास येते. 1999 च्या सुमारास घरोघर येऊ लागलेले प्रकाशीय माउस आपल्या पोटातील लहानशा दिव्याने खालचा पृष्ठभाग उजळतात, क्षणाक्षणाला त्याच्या प्रतिमा घेतात, आणि एका प्रतिमेवरून दुसरीपर्यंत बारीक खुणा किती सरकल्या ते मोजून गतीचा अंदाज करतात. पृष्ठभाग काचेचा किंवा आरशासारखा गुळगुळीत असेल तर मोजावयाला खुणाच मिळत नाहीत, आणि हात स्थिर असताही पडद्यावरील माउसचा दर्शक थरथरतो. इंद्रिय निर्दोष, प्रकाशही आहे, परंतु ज्यावर टेकावयाचे ते अधिष्ठान अनुकूल नाही. चेष्टेतील दोष याहून गहन असतो. बटणाखाली धातूची एक बारीक पट्टी असते. दाबल्यावर ती संपर्कस्थानी आदळून अतिसूक्ष्म काळ कंप पावते, आणि ही कंपने गाळून एकच दाब मोजण्याची तजवीज यंत्रात केलेली असते. दीर्घ वापराने पट्टी झिजली म्हणजे ही तजवीज अपुरी पडते. एका दाबाचे दोन दाब होतात, किंवा दाबून धरलेले बटण क्षणभर सुटल्यासारखे नोंदले जाते आणि वाटेतच चौकट हातून गळून पडते. मनुष्याची चेष्टा एक, यंत्राने वाचलेली चेष्टा दोन. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

अशा प्रसंगी करावयाची चौकशी हीही एक साधना आहे, आणि तिचे नियम आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानावर निःश्रेयस अवलंबून ठेवले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशयाला स्थान आहे. संशय हा तेथे दोष नाही. तो चौकशीचा आरंभ आहे, कारण ज्याला संशय नाही त्याला निर्णयही नाही. रागावलेला मनुष्य संशय घेत नाही. त्याच्यापाशी निर्णय तयार असतो. संशयानंतर अन्वय आणि व्यतिरेक: अमुक असता होते काय, आणि अमुक नसता होत नाही काय. चौकट भलतीकडे जाते, तर कळफलकावरून हात पूर्ण उचलून पाहावे. ग्रिड बंद करून पाहावे. त्याच संगणकाला दुसरा माउस लावून पाहावा, आणि तोच माउस दुसऱ्या संगणकाला. कोऱ्या स्लाइडवर एकटी चौकट काढून तीच हालचाल करून पाहावी. कंट्रोलची कळ दाबून धरून पॉवरपॉइंट सुरू केले असता ते जोडप्रणालींवाचून सुरक्षित रीतीने उघडण्याची सोय आहे, तिचाही उपयोग करावा. या सर्वांत पाळावयाचे व्रत एकच, ते असे की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलून दोष गेला तर त्रास गेला, परंतु ज्ञान हाती आले नाही. आणि फांदीवर कावळा बसावयास व फळ पडावयास एकच गाठ पडली म्हणजे जो काकतालीय भ्रम होतो, तो अशाच घाईतून जन्मतो.

कोणी म्हणेल, ज्ञानाशी आम्हांला काय करावयाचे आहे, संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की काम भागते. पुष्कळदा भागतेही. परंतु सांख्यांनी आपल्या शास्त्राच्या दारातच या उपायाविषयी एक मर्मभेदी विचार मांडून ठेवला आहे. दुःखनिवृत्तीचे दृष्ट उपाय उपलब्ध असता तत्त्वजिज्ञासा कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे की, दृष्ट उपायांनी दुःख निश्चितपणे जाईलच असे नाही आणि गेले तरी ते पुन्हा येणार नाही असेही नाही. संगणक पुन्हा सुरू करणे हा नेमका असा दृष्ट उपाय होय. तो दोषाबरोबर दोषाचा पुरावाही पुसून टाकतो. आठ दिवसांनी दोष परत येतो तेव्हा मनुष्य पूर्वीइतकाच अज्ञ, आणि पूर्वीपेक्षा अधिक हताश असतो; आणि हताशपणाच्या या भूमीतच लहरी दैवाची कल्पना मूळ धरते.

आता त्या पाचव्या कारणाकडे वळू. चार कारणांची झडती घेऊनही जे उरते त्याला आपण दैव म्हणतो, आणि बोलताना त्याचा अर्थ लहर, योगायोग किंवा अदृष्ट शक्तीचा रोष असा करतो. परंतु ज्यांनी या पदाचा विचार केला त्यांपैकी कोणालाही हा अर्थ मान्य नाही, हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून स्वतंत्र काही नाहीच; पूर्वी केलेला आपलाच पुरुषार्थ फळास आला म्हणजे त्याला अजाण लोक दैव म्हणतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिराच्या प्रश्नाला उत्तर देताना भीष्म पुरुषप्रयत्नाला क्षेत्र आणि दैवाला बीज म्हणतात. म्हणजे तेथे दैव वेगळे मानले आहे, पण बीजही आपल्या जातीप्रमाणेच उगवते, ते आज ज्वारी आणि उद्या बाभूळ होत नाही. शंकराचार्यांच्या देवता ठरलेल्या इंद्रियावर ठरलेला अनुग्रह करतात. रामानुजांचा अंतर्यामी तर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याला कर्मात प्रवृत्त होण्याची अनुमती देतो. तसे नसते तर विधिनिषेध व्यर्थ झाले असते, हे त्यांचेच म्हणणे आहे. मते चार, परंतु चौघांच्याही दैवात व्यवस्था आहे. लहरीला या पाच आसनांपैकी एकही आसन दिलेले नाही.

हे दैव प्रस्तुत विषयात किती ठोसपणे दिसते पाहा. पॉवरपॉइंटमध्ये आकारांच्या यादीतील एखाद्या आकारावर उजवे बटण दाबून रेखाटनाची अवस्था कायम ठेवण्याची आज्ञा देता येते. त्यानंतर एस्केपची कळ दाबीपर्यंत प्रत्येक ओढीसरशी नवा आकार उमटत राहतो. ही आज्ञा मघाशी आपणच दिलेली असते आणि आता तिचे विस्मरण झालेले असते. हे वसिष्ठांचे दैव होय: आपलाच पूर्वपुरुषार्थ, विस्मृतीमुळे परका झालेला. याहून हृद्य उदाहरण स्टिकी कीजचे आहे. ज्यांना दोन कळा एकाच वेळी दाबता येत नाहीत, ज्यांचा एकच हात चालतो किंवा ज्यांची बोटे अधू आहेत, अशांसाठी विंडोजमध्ये अशी सोय केलेली आहे की शिफ्ट किंवा कंट्रोल एकदा दाबून सोडली तरी ती पुढील कळेपर्यंत दाबलेलीच मानली जावी, आणि दोनदा दाबली तर पुन्हा सोडवीपर्यंत दाबलेली राहावी. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली असता ही सोय सुरू करावी काय असा प्रश्न पडद्यावर उमटतो. घाईत त्याला होकार दिला जातो. आणि मग आपली प्रत्येक चौकट सरळ रेषेतच जाते किंवा प्रती काढीत सुटते. ज्याला आपण यंत्राचे वैर समजलो ती कोणा एका अपंग बांधवासाठी केलेली करुणेची व्यवस्था होती. आपल्या कर्मात आपल्या इच्छेखेरीज इतरांच्या इच्छा आणि इतरांच्या गरजा आधीपासून वसत असतात. ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशांचा विचार करून हे साधन घडविलेले असते. पाचव्या कारणाचा हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण तो नम्रता शिकवितो, आणि तरीही चौकशी थांबवावयास सांगत नाही.

येथे एक आक्षेप न्यायाने घेतला पाहिजे. सर्वच दैव अशा रीतीने कारणांत विरघळत गेले तर धर्मबुद्धीला उरले काय? चौकशी जितकी पुढे जाईल तितकी श्रद्धा मागे हटेल, असे हे दोघे परस्परांचे वैरी आहेत काय? याचे उत्तर मला उदयनाचार्यांच्या विचारात सापडते. चार्वाकांनी अनुमान हे प्रमाणच नाकारले. आजवर असे झाले म्हणून पुढेही तसेच होईल हे कशावरून, हा त्यांचा प्रश्न होता. दहाव्या शतकातील या नैयायिकाने न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर असे की, शंकेला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनातच असते. अग्नी हे धुराचे कारण नसेल अशी शंका घेणाराही धूर हवा असता अग्नीच शोधतो. माउस वेडा झाला म्हणणारा मनुष्यही पुढच्याच क्षणी त्याच माउसकडे हात नेतो आणि तीच हालचाल अधिक सावकाशीने करून पाहतो. त्याच्या तोंडाने लहरीची फिर्याद चाललेली असते, आणि त्याचा हात व्यवस्थेची साक्ष देत असतो. जगात कारण आहे, ते शोधले तर सापडेल, हा विश्वास कोणत्याही एका चौकशीने सिद्ध होत नाही. प्रत्येक चौकशी त्या विश्वासावर उभी असते. मी यालाच श्रद्धा म्हणतो. दोष सापडला नाही तरी जो मनुष्य "कारण असलेच पाहिजे, मला ते अद्याप दिसलेले नाही" असे म्हणतो, तो पाचव्या आसनासमोर हात जोडून उभा आहे. आणि जो चारांची तपासणी न करताच त्या आसनावर रोष, वैर किंवा लहर यांना नेऊन बसवितो, तो दैव मानीत असल्याचा कितीही दावा करो, त्याने दैवाचा अवमानच केलेला असतो.

मग माझे कर्तृत्व कोठे उरले? पाचांपैकी एक म्हणून ते उरतेच, आणि ते लहान नाही. गीतेने कर्त्याला यादीतून वगळलेले नाही. त्याला एकट्याने सिंहासनावर बसू दिलेले नाही, इतकेच. मंडालेच्या तुरुंगात सिद्ध होऊन 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी कर्म सोडावयाचे नाही, कर्तृत्वाचा अहंकार सोडावयाचा, हे पुनःपुन्हा प्रतिपादिले. आणि त्या उपदेशाची परीक्षा रणांगणाप्रमाणे टेबलापाशीही होते. चौकट हवी तेथे बसली की "मी केले", आणि न बसली की "त्याने बिघडविले", ही दुटप्पी जमाखर्चाची रीत अहंकाराचीच आहे. यशात चार भागीदारांना वगळावयाचे आणि अपयशात सर्व बोजा त्यांच्यावर टाकावयाचा, असा व्यवहार मनुष्यांच्या बाबतीत कोणीही अन्याय्य म्हणेल. पाच कारणांचा बोध झालेला मनुष्य दोन्ही वेळी समान हिशेब ठेवतो: काम साधले तेव्हा अनेकांच्या सहकार्याची जाण, आणि फसले तेव्हा आपल्या वाट्याची तपासणी सर्वांत आधी.

शेवटी, ज्याला यंत्राच्या बाबतीत हा संयम साधला त्याला मनुष्यांच्या बाबतीतही तो साधण्याची आशा आहे; आणि ज्याला यंत्राच्या बाबतीत साधला नाही त्याला मनुष्यांच्या बाबतीत कोठून साधणार? हाताखालचा कारकून सांगितले त्याहून निराळे काम करून आणतो, मुलगा शब्दाबाहेर जातो, शेजारी अनपेक्षित रीतीने वागतो, आणि आपण ताबडतोब त्यांच्या ठायी दुष्ट हेतूची स्थापना करतो. वस्तुतः तेही पुष्कळदा आज्ञाच पाळीत असतात. फक्त ती आज्ञा आपली आत्ताची नसते. ती आपणच पूर्वी दिलेली आणि विसरलेली असते, किंवा दुसऱ्या कोणी दिलेली असते, किंवा आपल्या दृष्टीस न पडलेल्या एखाद्या अटीने तिचा अर्थ पालटलेला असतो. दुष्ट हेतू जगात नसतातच असे नाही. मनुष्याला इच्छा आहे, आणि ती वाकडी असू शकते. यंत्राहून त्याचे वेगळेपण हेच. परंतु हेतूचा आरोप हा चौकशीचा शेवटचा निष्कर्ष असावा. पहिले गृहीत असता कामा नये. अधिष्ठान पाहिले, करणे पाहिली, चेष्टा पाहिल्या, स्वतःला पाहिले, आणि मगच दुसऱ्याविषयी बोललो, असा क्रम ज्याने राखला त्याच्याकडून अन्याय क्वचितच घडेल. कारणाचा शोध घेणे हे सत्याप्रती आपले कर्तव्य आहे, आणि तो पुरा होईपर्यंत दोषारोप तहकूब ठेवणे हे इतरांप्रती आपले कर्तव्य आहे. ही दोन कर्तव्ये एकच आहेत, हे ज्याला उमगले त्याला पाचव्या कारणाचे भय वाटण्याचे काही कारण उरत नाही.